मेलेल्याचं लाल पाकीट

“आज किती जण मरणार?” किटलिंगने विचारलं.

“अकरा,” यिप म्हणाला. “दहा शिपाई, आणि जेवणाच्या सुट्टीआधी आपले साहेब.”

तिने अकरा लाल पाकिटं काढली, प्रत्येकात एक नाणं आणि एक लिमलेटची गोळी घातली आणि स्टुडिओच्या दारातल्या देवापुढे ठेवून उदबत्ती लावली. यिप आमचा व्यवस्थापक. देवळातही घड्याळ बघणारा माणूस, पण त्या पाकिटांसमोर तोही हात जोडून गप्प उभा राहायचा. आमच्या धंद्यात कॅमेऱ्यासमोर मेलेला माणूस हातात लाल पाकीट पडल्याशिवाय जमिनीवरून उठत नाही. गोळी तिथेच तोंडात टाकायची, नाणं घरी पोचायच्या आत खर्चून टाकायचं, म्हणजे खोटं मरण अंगाला चिकटत नाही. ही पाकिटं वाटायचं काम सतरा वर्षं किटलिंगकडे होतं. मी कपडेपटातला शिंपी. ती मेलेल्यांना उठवायची आणि मी त्यांच्या अंगरख्यांवरचे रक्ताचे डाग काढायचो, असा आमचा भागीचा धंदा होता.

त्या सकाळी तिने दहाच पाकिटं तबकात ठेवली. अकरावं खिशात टाकलं. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. न बोलण्याची मला सवयच होती.

साहेब म्हणजे क्वॉकतुंग. नायक तोच, दिग्दर्शक तोच. सव्वीस चित्रपटांत तो एकदाही मेला नव्हता. लोक त्याला मरताना बघायला पैसे देत नाहीत, असं तो म्हणायचा. आता मात्र त्याला लोकांना रडवायची हौस आली होती. तलवारबाजीच्या शाळेतला एक शिष्य आपल्या गुरुभगिनीच्या प्रेमात पडतो, गुरूचा नियम मोडतो आणि तिच्या मांडीवर प्राण सोडतो, अशी ती कथा. जाहिरातीवर ‘कथा : क्वॉकतुंग’ असं छापलं होतं. ते वाचून मला थुंकावंसं वाटलं.

कारण ती कथा कोणाची हे आम्हा जुन्या लोकांना ठाऊक होतं. क्वॉकतुंग, किटलिंग आणि मानहो हे तिघं एकाच ऑपेराच्या गुरूकडे शिकले. एका गुरूच्या पायावर डोकं ठेवलं की सगळे भाऊबहीण, त्यांच्यात प्रेम म्हणजे महापाप. किटलिंग तेव्हा अठराची, मानहो एकोणीसचा. एका दुपारी गच्चीवर, वाळत घातलेल्या पोशाखांच्या आड, दोघांनी एक भाजलेलं रताळं अर्धं अर्धं खाल्लं. त्याने तिच्या बोटाला फुंकर घातली. पाप म्हणाल तर एवढंच. क्वॉकतुंग सगळ्यांत मोठा गुरुबंधू. त्याने पाहिलं आणि जाऊन सांगितलं. गुरूने मानहोला सर्वांदेखत वेताने फोडला आणि शिष्यांच्या फळीवरून त्याचं नाव खरवडून काढलं. नाव पुसलेल्या पोराला कुठलीच मंडळी उभी करत नाही. त्याला उरल्या फक्त चित्रपटांतल्या उड्या, इतर कोणी मारणार नाही अशा. किटलिंगही शाळा सोडून स्टुडिओत आली आणि मिळेल ते काम करू लागली.

अकरा वर्षांपूर्वी मानहोने क्वॉकतुंगच्या जागी, त्याचाच पोशाख घालून, मनोऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली. खाली झेलायला पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांचा एकच थर होता. तो वाचला नाही. मानहोने दुसरा थर मागितला होता, इतकं सगळे म्हणत. क्वॉकतुंगने त्यावर काय उत्तर दिलं, ते कोणी सांगेना. ज्यांनी ऐकलं त्यांची चूल त्याच्या जिवावर पेटत होती.

मी एकदा तिला म्हटलं होतं, क्वॉकतुंगचं तोंड बघायला इथे कशाला राहतेस, दुसरीकडे काम बघ. ती सुईत दोरा ओवावा तितक्या शांतपणे म्हणाली, “दादा कधीतरी मरेल ना कॅमेऱ्यासमोर. तोवर थांबते.”

तर त्या दुपारी तो मेला. चांगला मेला, खोटं कशाला बोलू. रताळ्याचा प्रसंगही त्याने सोडला नव्हता. मरता मरता नायिकेला त्या रताळ्याची आठवण करून दिली, आणि तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. सीन संपला. नायिका आसवं पुसत बाजूला झाली. क्वॉकतुंग मनोऱ्याच्या पायऱ्यांवर डोळे मिटून, एक हात उताणा पसरून पडून राहिला.

किटलिंग त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. हात खिशातच ठेवला.

“ताई, पाकीट,” यिप म्हणाला.

“माझ्याकडेच आहे.”

“मग दे ना,” क्वॉकतुंग डोळे न उघडता म्हणाला. “दगड तापलाय.”

“दादा, त्या दिवशी त्यानं दुसरा थर मागितला. तू काय म्हणालास?”

“हे काय आत्ता?”

“आत्ताच. सांगायचं नसेल तर ऊठ तसाच. मी पाकीट घेऊन घरी जाते.”

तो उठला नाही. पंधरा दिवसांपूर्वी एक शिपाई पाकीट न घेता घरी गेला, तर याने त्याच्यामागे गाडी पिटाळली होती. यिप खिसे चाचपू लागला, पण देवापुढे न ठेवलेलं पाकीट चालत नाही हे त्यालाही माहीत होतं. किटलिंगने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने हात बाहेर काढला.

वर मनोऱ्यावर पुढच्या सीनसाठी आठ उडीवाले पट्टे बांधत होते. ते थांबले.

“मोठ्यानं बोल,” किटलिंग म्हणाली. “वरपर्यंत गेलं पाहिजे.”

क्वॉकतुंगने डोळे उघडले. “मी म्हणालो, पोरीचा हात धरताना भ्याला नाहीस, आता खोकी कसली मागतोस?”

“खोकी नव्हती का?”

“होती. गोदामात होती. मी आणू दिली नाहीत.”

वरच्या आठांतला सगळ्यांत वयस्क माणूस कमरेचा पट्टा सोडून कठड्यावर ठेवून खाली उतरला. त्याच्यामागून बाकीचे सात. क्वॉकतुंगला ओलांडून ते फाटकाबाहेर गेले. त्याच्यासाठी पुन्हा कोणी उडी मारली नाही. तो चित्रपट डब्यातच राहिला. मला त्याचा आनंद झाला, आणि मानहोच्या अंगावरचा तो अंगरखा अकरा वर्षांपूर्वी मीच शिवला होता म्हणून लाजही वाटली.

किटलिंगने शब्द पाळला. पाकीट त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याची बोटं लगेच मिटली, इतकी घट्ट की कागद चुरगळला.

ती त्या मुठीकडे बघत राहिली. मानहोलाही त्या उडीनंतर मेल्याचं सोंग करून पडून राहायचं होतं, म्हणून त्याचंही पाकीट होतं, आणि त्या दिवशीही कामावर तीच होती. सीन संपल्याचं ऐकून ती नेहमीसारखी पुढे गेली, त्याच्या हातात पाकीट ठेवलं आणि तो उठायची वाट पाहत बसली. मग तिने त्याची बोटं एकेक करून स्वतः मिटवली. बोटं पुन्हा उघडत होती.