खोलीतलं खोलीत

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माणसं मला फारशी आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, खुर्चीचं मनोगत म्हणजे ती बिचारी झिजली, मोडली, अडगळीत पडली, आता आपण डोळे पुसायचे. माझं काही मोडलेलं नाही. चारही पाय शाबूत आहेत, हात भक्कम आहेत आणि रागही अजून ताजा आहे.

मी राहते ती पाळक, म्हणजे चर्चमधले धर्मगुरू, घडवायची शाळा आहे. सेमिनरी म्हणतात तिला. तरुण मुलं-मुली इथे चार वर्षं शिकायला येतात. आधी ईश्वरविज्ञान, म्हणजे देव कोण, पाप काय, कृपा कशाला म्हणायची, यावरची जाडजूड पुस्तकं आणि त्याहून लांबलचक वाद. मग उपदेश कसा करायचा ते शिकतात. शेवटच्या वर्षी शिकतात ते समुपदेशन, म्हणजे पवित्र शास्त्राचा आधार घेऊन दुःखी माणसाशी कसं बोलायचं ते. पुष्कळांना हे शेवटचं सगळ्यात सोपं वाटतं. नुसतं बसायचं तर असतं, म्हणतात.

मला बनवलं इथल्याच सुताराने. समुपदेशन शिकवणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, 'अशी खुर्ची कर, की माणूस रडता रडता घसरणार नाही.' सुतार 'बरं' एवढंच म्हणाला. त्याने एक जुनं दार फोडलं आणि त्यातून मला काढलं. हात रुंद ठेवले, बैठक थोडी खोल केली, पाठ जराशी मागे झुकवली. रंधा मारताना तो ना गुणगुणला, ना त्याने कुणाशी गप्पा मारल्या. मला तो आवडला. आवडलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि मला तर बोटंही नाहीत.

बाईंनी मला वऱ्हांड्याच्या टोकाच्या लहानशा खोलीत ठेवलं. समोर एक स्टूल. दुःखी माणसाने माझ्यात बसायचं आणि शिकणाऱ्याने स्टुलावर. स्टूल मुद्दाम कडक घेतलं होतं. ऐकणाऱ्याला फार आराम पडू नये, असं बाईंचं म्हणणं. त्यांचा पहिला तास या खोलीतच व्हायचा आणि त्यात नियम एकच सांगायच्या, खोलीतलं खोलीत. मित्राला सांगायचं नाही, घरी सांगायचं नाही, आणि सगळ्यांसमोर प्रार्थना करताना 'त्या दुःखी ताईंसाठी' म्हणत देवाच्या आडून तर मुळीच सांगायचं नाही. मुलं माना डोलवायची. वहीत लिहूनही घ्यायची. लिहून घेतलं की पाळल्यासारखं वाटतं माणसांना.

आधी ती एकमेकांवर सराव करायची. एकाचा म्हणे धंदा बुडालेला, दुसरीला म्हणे नवरा टाकून गेलेला, आणि मधल्या सुटीत दोघं चहा पीत खिदळायची. समोरच्याचं अर्धं ऐकून झालं नाही तोच स्टुलावरचा शास्त्रातलं वचन शोधायला पानं उलटायला लागायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी मुकाट्याने सगळं सोसलं. मग खरी माणसं यायला लागली. पदवीसाठी प्रत्येकाला दहा खऱ्या माणसांचं ऐकून त्याची नोंद द्यावी लागे. आजूबाजूचे शिक्षक, दुकानदार, इथे कामाला असलेली माणसं यायची. ती वर्षं बरी गेली. बाई मला दर आठवड्याला स्वतः पुसायच्या आणि म्हणायच्या, 'माझ्यापेक्षा हिला जास्त माहीत आहे.' स्तुती ऐकून मी हुरळले नाही, पण खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

एकच गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. चॅपलच्या, म्हणजे इथल्या प्रार्थनामंदिराच्या, मंचावर उपदेशकाला बसायला धड खुर्ची नव्हती, आणि अख्ख्या सेमिनरीत धड म्हणावी अशी मीच. म्हणून दर बुधवारी सकाळी सुतार मला उचलून चॅपलमध्ये न्यायचा, उपासना संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसायचा आणि मग मला परत आणायचा. सोमवारी माझ्यात बसून रडलेलं माणूस बुधवारी समोरच्या बाकावर, आणि सोमवारी स्टुलावर बसलेला शहाणा बुधवारी माझ्यात. हे काही बरं नव्हे, असं मला वाटायचं. पण खुर्चीला विचारतो कोण!

शेवटच्या वर्षाला एक विद्यार्थी होता. सगळे त्याला गोडबोल्या म्हणायचे आणि त्याला ते कौतुकच वाटायचं. आवाज छान, उच्चार स्वच्छ, पाठांतर दांडगं. पण उपदेशाच्या तासाला त्याची गाडी अडायची. उपदेश शिकवायचे ते प्राचार्यच. त्यांनी त्याला तीनदा सगळ्यांसमोर झापलं होतं. 'तुझ्या उपदेशात सिद्धान्त आहेत, माणूस कुठे आहे? बारीक तपशील दे. लोक तपशिलावर विश्वास ठेवतात.' परीक्षेचा शेवटचा उपदेश अख्ख्या चॅपलसमोर करायचा होता. विषयाच्या चिठ्ठ्या काढल्या, त्याच्या वाट्याला आलं 'तहानलेल्याला पाणी'. तो आठवडाभर कोरडाच फिरत होता.

त्याच दिवसांत स्वयंपाकघरातल्या मावशी माझ्यात येऊन बसल्या. मावशी म्हणजे सुताराची बायको. दोनशे ताटं एकटीच्या जिवावर वाढणारी बाई, जिभेने तिखट. ताटात टाकून कुणी उठायला लागला तर त्याच्या सात पिढ्या काढायच्या. पण काही महिन्यांपासून त्या पातेल्यासमोर नुसत्याच उभ्या राहायच्या, म्हणून बाईंनी आग्रह करून पाठवलं होतं. स्टुलावर गोडबोल्या होता. मावशी दोन तास बोलल्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. तुमची तोंडं वाकडी झाली तरी नाही. इतकं मात्र मान्य करते, की त्या दिवशी गोडबोल्याने उत्तम ऐकलं. मधे तोंड घातलं नाही, पानं उलटली नाहीत. मावशी उठल्या तेव्हा हलक्या झाल्या होत्या, वजन मला कळतं. दाराशी जाऊन त्या म्हणाल्या, 'हे घरी कळलं तर माझं घर राहणार नाही.'

'मावशी, खोलीतलं खोलीत,' तो म्हणाला.

नऊ दिवसांनी बुधवार आला. गोडबोल्या माझ्यातून उठला, पुढे गेला आणि बोलायला लागला. आता जे सांगते ते मंचावरून सव्वाशे माणसांनी ऐकलेलं आहे, म्हणूनच सांगते. त्याने सांगितलं, दूर एका शहरात एक दुकानदारीण होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. पाणी हवं असलं की ती खाटेच्या लोखंडी दांड्यावर चमचा वाजवायची. चमचा हरवू नये म्हणून दोरीने दांड्याला बांधलेला होता. एका दुपारी चमचा वाजत राहिला आणि वर्षानुवर्षं सेवा करून थकलेली मुलगी अंगणात तशीच बसून राहिली. उठलीच नाही. शेवटी आत गेली तेव्हा आई संपलेली होती. घरच्यांना तिने सांगितलं, मी बाजारात गेले होते.

दोन मुली रडायला लागल्या. पहिल्या बाकावर प्राचार्यांनी चमच्याचं ऐकून मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. गोडबोल्याने शहर बदललं होतं, धंदा बदलला होता, सासूच्या जागी आई घातली होती. चमचा तेवढा त्याला सोडवला नाही.

तो चमचा सुताराने बांधला होता, आपल्या आईच्या खाटेला.

शेवटच्या बाकावरून तो उठला आणि उपासना चालू असतानाच बाहेर गेला. त्या बुधवारी मला न्यायला कुणी आलं नाही. मी चार दिवस मंचावर धूळ खात उभी होते. प्राचार्यांनी त्या उपदेशाला वर्गातले सगळ्यात जास्त गुण दिले, हेही मी तिथेच ऐकलं. मला पेटवून द्यावंसं वाटत होतं, आधी चॅपल आणि मग स्वतःला.

पाचव्या दिवशी बाई आल्या आणि मला स्वतःच ओढत खोलीत घेऊन गेल्या. मागून प्राचार्य. वऱ्हांडाभर दोघांचं वाजलं. त्यातूनच मला सगळं कळलं. सुतार घरी जेवायला जात नव्हता, बायकोशी शब्दही बोलत नव्हता. मावशी स्वयंपाक करत होत्या, पण कुणावर ओरडत नव्हत्या, आणि ते पोरांना जास्त भीतीदायक वाटत होतं. गोष्ट कुणाची, हे सुताराच्या तोंडावरून दोन दिवसांत सगळ्यांनी ओळखलं होतं. गोडबोल्याला पदवी देऊ नये, असं बाईंचं म्हणणं. मुलगा हुशार आहे, नाव घेतलेलं नाही, हेतू चांगला होता, असं प्राचार्यांचं.

'हेतू चांगला होता म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो,' बाई म्हणाल्या.

मग तडजोड निघाली. गोडबोल्याने मावशींची माफी मागायची, आणि मावशींनी क्षमा केल्याचं लिहून दिलं की त्याला पदवी. म्हणजे अपराध त्याचा आणि परीक्षा तिची. आठवडाभर जो तो स्वयंपाकघरात जाऊन मावशींना क्षमेचं महत्त्व सांगत होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण बघ्यांनाच घाई फार.

पुढच्या सोमवारी सगळे माझ्या खोलीत जमले. बाई खिडकीशी, गोडबोल्या स्टुलावर, सुतार दाराशी भिंतीला टेकून. मावशी माझ्यात बसल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, बोल. गोडबोल्याने माफीचेसुद्धा तीन मुद्दे काढून आणले होते. दुसऱ्या मुद्द्याला तो म्हणाला, 'मावशी, तुमच्या वेदना मी समजू शकतो.'

'समजू नकोस,' मावशी म्हणाल्या. 'एकदा समजून घेतलंस. त्याचं काय केलंस ते बघ.'

तो गडबडला. मी नाव घेतलं नव्हतं, गाव बदललं होतं, सगळं बदललं होतं, असं सांगायला लागला.

'मग चमचा कशाला ठेवलास?'

गोडबोल्या जमिनीकडे बघून हळूच म्हणाला, 'चांगला होता.'

मित्रांनो, त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य. मला त्याची कीव येईल असं वाटलं होतं, पण आली नाही.

मावशींनी टेबलावरचा कागद ओढला. प्राचार्यांनी तो तयार करूनच पाठवला होता, 'मी मनापासून क्षमा केली आहे' असा. बाई म्हणाल्या, 'मावशी, सही केलीच पाहिजे असं नाही.' मावशींनी ते वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली लिहिलं, 'माफी मागितली. मी ऐकली.' मग सही केली.

'घे,' त्या म्हणाल्या. 'तुझी पदवी अडवून माझं घर परत येणार नाही. उपदेश कर, हवा तितका कर, तोंड तुझं आहे. पण असल्या स्टुलावर पुन्हा बसू नकोस. कुठल्याही गावात, कुणाच्याही समोर. आणि माझा राग गेला असं कुणाला सांगत फिरू नकोस.'

प्राचार्यांना तो कागद पुरला. त्यांना कागदच हवा होता.

गोडबोल्या उठला. दाराशी सुतारासमोर थबकला, चेहरा हळवा केला आणि त्याच्या खांद्याकडे हात नेला. सुताराने तो हात खांद्याला लागू दिला नाही. 'तू जा,' म्हणाला. बाईंकडेही त्याने नुसतं बघितलं. त्या शहाण्या, लगेच बाहेर गेल्या. सुताराने दार लावलं. मावशी स्टुलावर बसल्या. आणि तो माझ्यात बसला. मला बनवल्यापासून तो कधीच माझ्यात बसला नव्हता.

मग तो बोलायला लागला. त्या दुपारी तो स्वतः कुठे होता, इथून त्याने सुरुवात केली. मावशींनी मधे एकच प्रश्न विचारला, त्याचं त्याने उत्तर दिलं. बाकी सगळा वेळ त्या कडक स्टुलावर हलल्या नाहीत. एकही वचन कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं, असं समजू नका. दोघं अजून भांडतात, अगदी वऱ्हांड्यापर्यंत ऐकू येतं. पण भांडतात तरी, आणि जेवायला तो घरीच जातो. ही खुर्ची आता मंचावर येणार नाही, असं त्याने प्राचार्यांना सांगून टाकलं. तुमच्यासाठी दुसरी करून देतो म्हणाला. दोन वर्षं झाली, अजून केलेली नाही. उपदेशक लोक तोवर उभे राहतात आणि उपदेश पूर्वीपेक्षा आटोपशीर झालेत, असं मुलं म्हणतात.

आता शेवटी मी म्हणायला हवं की वस्तू जपा, पुसा, तेल लावा. नका लावू. मी लाकूड आहे, माझी मी टिकेन. पण कधी कुणी तुमच्यासमोर बसून आपलं माणूस समजून काही बोललं, तर ते जपा. वाईट कामासाठी तुम्ही ते वापरणार नाही, हे मला माहीत आहे. चांगल्या कामासाठीही वापरू नका.

सुतार त्या दिवशी पुढे काय बोलला, हे कळावं म्हणून अजून कुणी ना कुणी खोलीत डोकावतं, माझ्याभोवती उगाच घुटमळतं. तुमच्याही मनात ते आलं आहे, नाही म्हणू नका. ज्याला ते विचारायचं असेल, त्याने खुशाल यावं. फक्त माझ्यात बसू नये, उभंच राहावं.