बारीक तार

“मग? सोमवारी सांगतोस ना मुकादमाला?” शेजारच्या यंत्रमागावरून जोडीदाराने विचारलं.

विचारलं म्हणजे आवाज नाही काढला. नुसते ओठ हलवले. शेडमधले सगळे माग एकदम धडधडत असताना ओरडून ओरडून घसाच फुटायचा, म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलत आणि डोळ्यांनी ऐकत. सुखदुःख, चहाड्या, थट्टा, सगळं त्या मुक्या बोलीत चाले. शिव्या त्यात जरा जास्तच, म्हणून ती बोली कुणी घरी नेत नसे. ती दाराबाहेरच्या चपलांसारखी शेडपाशीच राहायची.

“सांगतो,” त्याने ओठांनीच उत्तर दिलं. “आता बास झाली ही नोकरी.”

“बघ हं, झंकारशेठ! वाद्यांनी पोट नाही भरलं तर?”

“तुझ्या घरी येईन जेवायला.”

“ये की. बायको माहेरी गेली की ये. दोघं मिळून उपाशी बसू.”

तो हसला. झंकारशेठ हे नाव शेडनेच ठेवलेलं. दर सुट्टीला हा माणूस झोप सोडून वाद्यं बनवणाऱ्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसतो, याचं सगळ्यांना नवल वाटे. तो तिथे लाकूड तासायचा, पोकळ करायचा, सरस लावायचा. तारा जुळवण्याचं काम मात्र म्हाताऱ्याचं. आता म्हाताऱ्याचे हात थरथरू लागले होते. “माझ्यामागे या खोलीला कुलूप लागायला नको,” तो म्हणाला होता, “माझ्या जागी तू बस.” मुलगी आपल्या घरी सुखात होती, मुलगा हाताशी आला होता. बायकोनेच विषय काढला, “सगळ्यांचं केलंत. आता थोडं तुमचं करा.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तो बायकोला पहिल्यांदाच तिकडे घेऊन गेला. दाखवायला कारणही तसंच होतं. ओंडक्यापासून खुंट्यांपर्यंत सबंध एक वाद्य त्याने एकट्याने घडवलं होतं, आणि आज ताराही तोच जुळवणार होता.

“ये गं पोरी,” म्हातारा म्हणाला. “नवऱ्याने काय बाळ जन्माला घातलंय बघ.”

“रंग तरी बापावर गेलेला दिसतोय, काका,” ती म्हणाली, आणि तिघंही हसले.

तो खाली बसला. जाड तार छेडली. तिचा घुमारा लाकडातून निघून छातीत शिरला. मधली जुळवली. मग बारीक तार. खुंटी पिळली, छेडली, पुन्हा जरा पिळली. तार थरथरताना दिसली आणि त्याच्या आत सूर लागला, उजेडासारखा निखळ. इतक्या वर्षांची वाट जणू त्या तारेशी येऊन थांबली. त्याने तिन्ही तारांवरून बोट फिरवलं आणि मान वर केली.

“कसं?”

“वा!” म्हातारा म्हणाला.

बायको त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनेही मान डोलावली, जोरजोरात.

हाताचा सरस धुवायला तो अंगणातल्या नळावर गेला. खोलीची काचेची खिडकी धुळीमुळे कायम बंद असे. हात चोळता चोळता त्याने सहज पाहिलं. काचेपलीकडे दोघं समोरासमोर उभी होती. बायको बोलत होती.

“काका, ती बारीक तार... मला त्यातलं कळत नाही, पण कानाला टोचतेय.”

“बेसूर आहे,” म्हातारा म्हणाला. “अन् त्याला पत्ताच नाही. बारीक सूर त्याच्या कानातून गेलाय, पोरी. मागांनी खाल्ला. सूर मनातच ऐकतोय तो.”

“मग नोकरी सोडून येऊ नको म्हणा ना त्यांना.”

“मी म्हणू? लहान मुलासारखं तोंड झालं होतं त्याचं आत्ता. येऊ दे. तो घरी गेला की मी हळूच जुळवून ठेवत जाईन.”

“आणि तुमच्यामागे, काका?”

म्हाताऱ्याचे ओठ हलले नाहीत.

नळ वाहत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो ते धूतच राहिला. इतकी वर्षं मागांपुढे उभं राहून कान तिथेच ठेवून आला होता, आणि बदल्यात मिळालं होतं हे, मुक्या ओठांवरचं वाचणं. ते वाचणं आज जमलं नसतं तर किती बरं झालं असतं.

हात पुसत तो आत आला.

“काका, एक सांगायचं राहिलं. मुकादम सोडत नाही म्हणतो. नवे माग आलेत, जाणती माणसं नाहीत हाताशी.”

“कधी म्हणाला?” बायको दचकली. “काल तर तुम्ही...”

“कालच म्हणाला. तुला सांगायचं जिवावर आलं.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

“सुट्टीला तरी येशील ना?” म्हाताऱ्याने विचारलं.

“येणार की. लाकूड कोण तासणार तुमचं? तारा मात्र तुम्हीच जुळवा, काका. तो हात तुमचाच.”

“बरं,” म्हातारा म्हणाला आणि उगाच जमिनीवरचा भुसा पायाने गोळा करू लागला.

परतताना वाद्य चादरीत गुंडाळून त्याने काखेत धरलं होतं. कोपऱ्यावर आल्यावर त्याने बायकोला विचारलं, “खरं सांग. कसं वाजलं?”

“छान!” त्याला ऐकू जावं म्हणून ती नेहमीसारखी मोठ्याने म्हणाली. “फार छान वाजलं!”

रस्त्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली.

“हो ना?” तो म्हणाला. “मलाही तसंच वाटलं.”

ती एक पाऊल पुढे झाली आणि तोंड वळवून काहीतरी बोलली. तिचे खांदे हलताना दिसले, ओठ दिसले नाहीत. त्याने विचारलं नाही. वाद्य दुसऱ्या काखेत घेतलं आणि मोकळ्या हाताने तिचा हात धरला.