पाहून झाल्यावर बरं वाटतं का?

बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि नळ वाहत होता. दाराबाहेर बायको खांद्याला पर्स लावून उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिला वेळेवर पोचायचं होतं. नळ वाहतोय म्हणजे आत अंघोळ चालली आहे, असं समजण्याचे तिचे दिवस केव्हाच संपले होते.

"अहो, मला उशीर होतोय."

"आलो, आलो. पोट बरं नाहीये."

हे पोटही मोठं मजेशीर होतं. जेवायला बसलं की ठणठणीत असायचं आणि बाथरूमची कडी लागली की बिघडायचं. गेलं वर्षभर हेच चाललं होतं.

वाचकहो, अशा बंद दारासमोर ताटकळणारं माणूस आपल्या ओळखीत कुणीच नाही, असं छातीठोकपणे सांगू नका. शेजारच्याची दारू, नातेवाइकाचा जुगार यांवर आपण तासन्‌तास बोलतो. या एका विषयावर मात्र सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दारू नाही, सिगारेट नाही, काम संपलं की सरळ घरी. सासरी तर या जावयाचं कौतुक करताना कुणी थकत नसे. त्यामुळे बायकोने आपली शंका कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. फोन कायम पालथा ठेवलेला, पासवर्ड बदललेला, ती खोलीत आली की हा दचकायचा. कित्येक महिन्यांत त्याने तिला प्रेमाने जवळ घेतलं नव्हतं. क्षुल्लक कारणावरून खेकसायचा आणि मग अचानक गोड बोलून "आता बघ, उद्यापासून सगळं नीट होईल" म्हणायचा. नीट काय व्हायचं आहे, ते मात्र कधी सांगत नसे. तिने आपल्या मनाशी निष्कर्ष काढून टाकला होता की यांचं बाहेर काहीतरी आहे.

तिने एकदा स्पष्ट विचारलंही होतं. "माझ्या आयुष्यात दुसरी बाई नाही," तो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. तो अडकला होता अनोळखी माणसांच्या लैंगिक व्हिडिओंत. नळ वाहत होता त्या सकाळच्या आदल्या दिवशी त्याने ते सगळे पुसून टाकले होते, आता संपलं म्हणून मनाशी ठरवलं होतं आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा शोधायला बसला होता.

त्याच दिवशी तो आणि त्याचा मेहुणा एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या कामाला गेले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या कामाला यानेच लावलं होतं. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, तो मेहुण्याने साफ करायचा आणि याने सगळ्यात वरच्या मशीनच्या खोलीत थांबायचं, असं ठरलं.

या कामात एक साधा नियम आहे. खड्ड्यात उतरणाऱ्याने आधी वर जाऊन मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे तो बाहेर येईपर्यंत वीज चालू करणं कुणाच्याच हातात राहत नाही. पण हे दोघे पडले नात्यातले. भाऊजींच्या देखत कुलूप घालून किल्ली खिशात टाकायची म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखं, असं मेहुण्याला वाटायचं, आणि त्याने कुलूप न घालणंच भाऊजींनाही बरं वाटायचं. म्हणून कुलूप पडून राहिलं. त्याऐवजी काम झालं की खालून, लिफ्ट ज्यावरून सरकते त्या लोखंडी रुळावर पान्याने ठोके द्यायचे, ते ऐकून वरच्याने वीज सोडायची, अशी त्यांची घरगुती पद्धत पडली.

मशीनच्या खोलीत तो एकटा होता. सकाळी कंपनीतल्या साहेबांनी एका जुन्या तक्रारीवरून त्याला चारचौघांत झापलं होतं. ते डोक्यात घोळत होतं आणि छातीत कसंतरी होत होतं. असं झालं की त्याचा हात आपोआप फोनकडे जायचा. 'दोनच मिनिटं,' तो स्वतःला म्हणाला आणि त्याने इअरफोन कानात घातले. मग एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मनाजोगतं काही सापडेना, तरी बोट थांबेना. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं. तो दणका त्याला इअरफोनमधून अर्धवट जाणवला. ठोके आले वाटतं! खाली वाकून हाक मारावी, खात्री करावी, एवढंही भान नव्हतं. डोळे स्क्रीनवर ठेवूनच त्याने मेन स्विच वर केला.

वीज येताच लिफ्ट तिच्या रीतीप्रमाणे आपोआप तळमजल्याकडे निघाली. कुणी चुकून आत पडू नये म्हणून मेहुण्याने तळमजल्याचं दार ओढून घेतलं होतं; ते उघडं असतं तर लिफ्ट हललीच नसती. खड्ड्यातल्या अंधारात त्याला वरून दोर सळसळल्याचा आवाज आला.

त्याची किंकाळी मात्र इअरफोनमधूनही ऐकू गेली. याने स्विच पाडला आणि जिने उतरत धावत सुटला. दार उघडलं तेव्हा लिफ्ट अगदी खाली येऊन अडली होती आणि तिच्या खालच्या फटीत, मोठ्या स्प्रिंगांच्या बाजूला, मेहुणा जमिनीला चिकटून पडला होता. जिवंत होता. एक हात मनगटापाशी भलताच वाकला होता. त्याने वर पाहिलं. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता, एक इअरफोन कानात लोंबत होता आणि हातातला फोन अजून चालूच होता.

"भाऊजी," मेहुणा कण्हत म्हणाला, "आधी तो फोन बंद करा."

हाताला प्लास्टर घालून मेहुण्याला बहिणीच्या घरी आणलं, तेव्हा बातमी कळून दोन माणसं आधीच येऊन बसली होती. एक नवऱ्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत. दुसरी बायकोची मावशी. मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून तिची सगळी नोकरी झाली होती आणि ती कुणाचीही भीडभाड ठेवत नसे.

"माझीच चूक," मेहुण्याने सांगायला सुरुवात केली. "ठोके मी आधीच दिले आणि मग पाना राहिला म्हणून परत उतरलो. साहेबांनाही तसंच सांगितलंय."

नवरा खिडकीजवळ उभा होता. मेहुण्याने त्याच्यासाठी खोटं बोलून सुटकेची वाट करून दिली होती. आता त्याने नुसतं गप्प राहायचं होतं, म्हणजे त्याची नोकरी वाचत होती, घर वाचत होतं आणि जावयाची अब्रूही शाबूत राहत होती.

"तुझी चूक असेल, तर हे माझ्याकडे का बघत नाहीत?" बायकोने भावाला विचारलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "फोनवर होतात ना? तिच्याशीच बोलत होतात ना? माझा भाऊ खाली मरत होता आणि तुम्ही तिच्याशी बोलत होतात!"

"ताई, कुणी बाई नाहीये गं," मेहुणा पटकन म्हणाला.

"तुला काय माहीत?"

मेहुण्याने मान खाली घातली. नवऱ्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला.

"मी व्हिडिओ बघत होतो," तो म्हणाला. "तसले. कानात इअरफोन होते. ठोके आलेच नव्हते. वीज मी सोडली. हा मला वाचवायला खोटं बोलतोय."

बायको मटकन खुर्चीत बसली. दादाने मात्र सुटकेचा श्वास टाकला. "हात्तिच्या! मला वाटलं खरंच काही भानगड आहे. एवढंच ना? पुरुषमाणूस आहे, चालायचंच."

मेहुण्याने प्लास्टरचा हात वर केला. "दादा, हेच ते 'एवढंच'."

दादा वरमला आणि मग वरमलेली माणसं चिडतात तसा चिडला. "लाज नाही वाटत रे तुला? फोड तो फोन. घे आईची शपथ, परत बघणार नाही म्हणून!"

"जावईबापू," मावशी शांतपणे म्हणाली, "अशा शपथा आजवर किती घेतल्यात?"

"रोजच घेतो."

"मग आणखी एकीने काय होणार? मला एक सांगा. पाहून झाल्यावर बरं वाटतं का?"

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. त्याने स्वतःही स्वतःला विचारला नव्हता. "नाही. पूर्वी वाटायचं. आता फक्त स्वतःची किळस येते. ती घालवायला परत बघतो."

"ऐकलंत दादा? याला मजा म्हणतात का? इच्छा होणं हा आजार नाही, आणि कुणी कधी काही पाहिलं म्हणून तो लगेच रोगीही होत नाही. पण नको म्हणूनही थांबता येत नाही, काळजी वाढली की हात तिकडे जातो, पहिल्याने भागत नाही म्हणून जास्त लागतं, त्यापायी काम बुडतं, बायको दुरावते, माणूस मरता मरता वाचतो आणि तरीही ते सुटत नाही, तेव्हा समजायचं की लगाम हातात राहिलेला नाही. कुणी याला व्यसन म्हणतं, कुणी म्हणतं आपल्या वागण्यावरचा ताबा सुटलाय. नावावरून डॉक्टर लोक भांडत बसतील. उपचार मात्र आहेत."

"म्हणजे आजार म्हटलं की झालं का?" बायको उसळून म्हणाली. "वर्षभर मी आरशात बघून स्वतःला विचारतेय, माझ्यात काय कमी आहे म्हणून!"

मावशी उठून तिच्याजवळ गेली. "तुझ्यात काही कमी नव्हतं आणि नाही. तू कितीही सुंदर असतीस तरी हे झालंच असतं, कारण ते तुझ्यामुळे झालेलंच नाही. आणि आजार म्हणजे माफी नव्हे. ते खोटं बोलले, तुझा भाऊ जायबंदी झाला, त्याचा जाब त्यांनाच द्यायचा आहे. उद्या साहेबांसमोर खरं सांगायचं, जावईबापू. मग डॉक्टरांकडे जायचं. आणि तू त्यांचा फोन तपासत पहारा देत बसायचं नाहीस. पहारेकऱ्याला चुकवण्यातच असली माणसं तरबेज होतात."

"मी इथे राहायचं का, ते मी ठरवेन," बायको म्हणाली.

"तूच ठरव. कुणी घाई करणार नाही."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी त्याला साइटवरून काढून गोदामात बसवलं. डॉक्टरांकडे जायला त्याचे पाय उचलेनात, तेव्हा दादाच म्हणाला, "चल, मी येतो. आत नाही येणार बाबा, बाहेर बसून पेपर वाचेन." तिथे नवऱ्याला आपल्या मनाची चाहूल घ्यायला शिकवलं. कुठल्या वेळी, कुठल्या भावनेनंतर हात फोनकडे जातो, ते ओळखायचं आणि त्या क्षणी एकटं न राहता कुणाशी तरी बोलायचं. चुकून पुन्हा घडलंच तर लपवायचं नाही, असंही सांगितलं. बायकोही स्वतःसाठी तिथल्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. ती घरात राहिली होती, पण मनातून तिची एक पिशवी भरलेली होती. पुन्हा एकदा फसवलं तर निघायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं आणि त्याला सांगूनही ठेवलं होतं.

बरेच आठवडे चांगले गेले. मग एका संध्याकाळी ती दुकानातून आली, तर तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

तिला काही ठाऊक नव्हतं. सांगितलं नसतं तर कळणारही नव्हतं. गप्प राहणं किती सोपं होतं!

"आज परत बघितलं," तो म्हणाला. "दुपारी, गोदामात. डॉक्टरांना फोन केलाय, उद्या बोलावलंय. तू जाणार असशील तर मी अडवणार नाही."

तिला राग आला होता, रडूही येत होतं. पण तिने न विचारता त्याने स्वतःहून सत्य तिच्यापुढे आणून ठेवलं होतं, तेही सगळं गमावण्याची भीती असताना. असं तो वर्षभरात पहिल्यांदाच करत होता. तिने खांद्यावरची पर्स उतरवली.

"मला खूप राग आलाय," ती म्हणाली. "पण आज तुम्ही मला फसवलं नाहीत. बसा. उभे नका राहू."

आणि तीही त्याच्या समोर बसली.

नागरिकहो, या व्यसनाला वास नसतो, झोकांड्या नसतात, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. दिसलं की आपण एक तर हसण्यावारी नेतो, नाहीतर शरमेने झाकून टाकतो, आणि झाकलेल्या जागीच ते वाढतं. आपल्या घरात असा कुणी असेल, तर त्याच्या चुकीला चूकच म्हणा, पण त्याला खरं बोलता येईल एवढी जागा ठेवा. आणि तो माणूस तुम्ही स्वतःच असाल, तर आज कुणातरी एकाला सांगा. बरं होण्याची सुरुवात तिथून होते.