शिमग्याची भिंत

दाभोशाच्या वरच्या पाड्यात शिमग्याआधी घरं सारवायची रीत होती. जुनी चित्रं शेणाखाली जायची आणि त्यावर नवी निघायची. सुकऱ्याची बायको पोशी दर साली हेच करायची, आणि तेव्हा सुकऱ्याला त्यात काही वाईट दिसलं नव्हतं. या साली पोशी नव्हती. थंडीत तापानं गेली. आता सून राही शेणाची पाटी घेऊन भिंतीपुढे आली, तर सुकऱ्या उघड्या अंगानं भिंतीला टेकून बसलेला.

"मामा, सरा जरा."

"नाय सरत."

भिंतीवर पोशीनं तांदळाच्या पिठानं मोहाचं झाड काढलं होतं. सगळा पाडा वाकून फुलं वेचतोय आणि एकटा बाप्या बुंध्याला टेकून झोपलाय. "हा कोण?" सुकऱ्यानं तेव्हा विचारलं होतं. "ओळख तूच," पोशी म्हणाली, आणि सुकऱ्या रागानं जेवला नव्हता.

त्यातच जव्हारहून दरबारचा कारकून आला. दरबारचे पाहुणे या वाटेनं शिकारीला जाणार, तर वसंत ऋतूचा उत्सव म्हणून घरं सजवायची, असा हुकूम.

"नुसतं पांढरं नको," कारकून म्हणाला. "फुलं लावा, पिसं लावा, रंगीत चिंध्या लावा. वसंत आलाय!"

"आलाय तर त्याला पाण्याला धाडा," सुकऱ्या बसल्या जागेवरून म्हणाला. "झरा आटलाय."

कारकुनानं न ऐकल्यासारखं केलं आणि छत्री उघडून पुढच्या पाड्याला गेला.

मग बायांना जोर चढला. शेजारच्या तुळशीनं धावड्याच्या डिंकानं कोंबड्याची पिसं चिकटवली, वर गेरूचे पट्टे ओढले, पळसाच्या फुलांची ओळ लावली.

"कोंबडा भिंतीवर आपटून मेला वाटतं," सुकऱ्या म्हणाला. दुपारच्या उन्हात फुलं काळवंडली, तेव्हा म्हणाला, "आता वटवाघळं लटकली. पाहुणे खूश होतील."

"दादा, तुझ्या तोंडाला डिंक लावू का?" तुळशीनं विचारलं.

राहीनंही टोपलीत सामान जमवलं होतं. पळस, नदीतले शिंपले, एक निळं पीस, आणि तिच्या लग्नाच्या लुगड्याचा फाटका काठ.

"सगळ्यांच्या भिंती झाल्या," ती म्हणाली. "लोक म्हणतील, सुकऱ्याच्या सुनेला हात नाहीत."

"लोकांना तोंडं हायत. वापरू दे."

सकाळी उठला की तो भिंतीला टेकायचा. भाकर तिथंच, विडी तिथंच. आपण झोपेत असताना राहीनं शेण फासलं तर, म्हणून रात्रीही तिथंच पाठ लावून पडायचा. घामानं अंग चिकचिकायचं, तरी हलायचा नाही.

होळीच्या दिवशी बकरीनं राहीच्या टोपलीत तोंड घातलं. सुकऱ्या शिव्या देत उठला आणि तिच्यामागे अंगणात धावला. तुळशी हसत सुटली.

"दादा, पाठीवर काय गोंदवून आणलंस?"

त्याच्या पाठीवर पिठाचे पांढरे ओघळ होते. राहीनं भिंतीकडे पाहिलं. मोहाचा बुंधा पुसला गेला होता, झोपलेला बाप्या पुसला गेला होता. वेचणाऱ्यांतल्या कडेच्या दोन बाया तेवढ्या उरल्या होत्या. बाकी नुसता डाग.

सुकऱ्या भिंतीपाशी आला. डागावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"शेणाला अडवलं एवढे दिवस," तो स्वतःलाच म्हणाला, "आणि खाल्लं या पाठीनं. अक्कल असती तर हातभर लांब बसलो असतो."

कोणी हसलं नाही.

"बघत काय राहिलीस?" तो राहीवर ओरडला. "सारव. आणि लुगड्याचा काठ नीट लाव, तुळशीसारखी घाण करू नको."

राहीनं सारवलं. मग पाण्याचा तांब्या घेऊन आली. "मामा, पाठ धुते."

"हात लावू नको."

सांजेला होळी पेटली, तेव्हा तो तसाच उघडा गेला. पोरांनी मागून बोटं दाखवली. जाळ अंगावर येत होता, तरी सुकऱ्या इतरांसारखा पाठ फिरवून उभा राहिला नाही. तोंड भाजू दिलं, पाठ अंधारात ठेवली.