लोणच्याच्या बरणीतला नापास

चाळीस वर्षं स्कूलबस चालवली मी. मागे साठ पोरं कालवा करत असली की माणूस हळू बोलायला विसरतो, आणि विचार करून बोलायला तर त्याहून आधी. तेव्हा माझ्या जिभेला कोणी नावं ठेवू नयेत. तिने आयुष्यभर पुरेशी फळं भोगलीत, परवाचं तर अजून सुजलेलं आहे.

आमच्या झिगीच्या बारमध्ये एक पद्धत आहे. दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट होतो, म्हणजे सगळ्या टीम कॉलेजातली पोरं पाळीपाळीने उचलतात. दुसऱ्या दिवशी पेपरवाले त्यांना मार्क देऊन मोकळे होतात. झिगीचं म्हणणं असं, की लग्न कसं ठरलं ते जेवणावळीत कळत नाही, तीन वर्षांनी कळतं. म्हणून आम्ही आमचे मार्क चिठ्ठीवर लिहायचे, खाली सही करायची आणि चिठ्ठ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायच्या. झिगी झाकणावर मेण ओततो. तीन वर्षांनी ड्राफ्टच्या शनिवारी ती बरणी उघडते, आणि ज्याचं भाकीत साफ चुकलं त्याने अकॉर्डियनवर बारभोवती तीन फेऱ्या पोल्का नाचायचा. एकतीस वर्षांत मी एकदाही नाचले नाही. चुकले नाही असं नाही, वाद घालून सुटले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमने चौथ्या फेरीत क्विंसी मेबेरी नावाचा रनिंग बॅक उचलला. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या धिप्पाड गड्यांमध्ये घुसायचं, हे त्याचं काम. मी टीव्हीवर त्याचे पाय बघितले आणि चिठ्ठीत लिहिलं, ‘नापास. कोंबडीच्या तंगड्या. तीन वर्षांत गुडघा जाणार.’ उचलली जीभ लावली टाळ्याला, तसंच माझ्या पेनाचंही.

पोराने दोन वर्षं सगळ्या शहराला वेड लावलं. तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, त्याचा डावा गुडघा गेला.

जानेवारीत माझा उजवा गुडघा बदलला. व्यायामाला क्लिनिकमध्ये जाते, तर शेजारच्या बाकावर हाच. टीमच्या जागेत त्याचं एकूण एक पाऊल कोणीतरी लिहून घेतं, म्हणून तो आमच्या भागातल्या साध्या क्लिनिकमध्ये यायचा. जॉर्जियातल्या खेड्यातला, आजीने वाढवलेला. मला ‘मिस जेनी’ म्हणायचा. मला तीस वेळा गुडघा वाकवायचा असायचा आणि मी बारावरून थेट पंधरावर उडी मारायचे. तो स्वतःचा व्यायाम थांबवून म्हणायचा, “बारा, मिस जेनी.” की परत बारावर.

असल्या पोराला खरं कोणत्या तोंडाने सांगायचं? एके दिवशी त्याने विचारलं, “तुमच्या बारमध्ये मार्क देतात म्हणे. मला किती दिले होते?”

“ए,” मी म्हटलं. “पुढे अधिकची खूण.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यंदा शुक्रवारी संध्याकाळी टीमने दुसऱ्याच फेरीत नवा रनिंग बॅक उचलला. ओहायोचा, घोड्यासारखा. त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. जुन्याला घर शोधायला सांगितलंय, फक्त अजून तोंडाने नाही.

शनिवारी दुपारी मी पिएरोगींचं, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांचं, ताट पुढे घेऊन बसले होते आणि दारातून क्विंसी आत आला. माझ्या शेजारी बसून म्हणाला, “चिठ्ठी ऐकायला आलो. कालच्या बातमीनंतर एखादा ए कानावर पडला तर बरं वाटेल.”

बरणी झिगीच्या हातात, चाकू मेणात, आणि समोरच्या स्टुलावर फेही. हा फेही रेडिओवर खेळांचा कार्यक्रम करतो. आदल्या संध्याकाळपासून त्याचं एकच दळण चाललं होतं, की मेबेरीचा गुडघा बरा असता तर टीमने दुसरा आणला असता का? मेबेरी लंगडतो असं सोमवारी फेही बोलला, की मंगळवारी ते कोचच्या टेबलावर, आणि जुलैच्या सराव शिबिरात क्विंसीच्या नावाचं कपाट रिकामं.

झिगीने माझी चिठ्ठी वाचली. कोंबडीच्या तंगड्यांसकट वाचली, सहीसकट वाचली.

क्विंसीने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. तो नुसता ताटाकडे बघू लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अक्षर न् अक्षर खरं,” झिगी म्हणाला. “तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. जेनी जिंकली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकतीस वर्षं या टाळ्यांची वाट बघितली होती, त्या अशा आल्या.

फेही पुढे सरकला. “काय क्विंसी, जेनीचं बरोबर की चूक? शिबिराला उभा राहशील?”

“राहीन.”

“मग बारभोवती जरा चालून दाखव की. आपलेच लोक आहेत.”

सगळ्यांच्या माना त्याच्या गुडघ्याकडे वळल्या. मी उठले आणि म्हटलं, “मी चुकले.”

झिगीच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. हे शब्द त्याने माझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते. माझ्या नवऱ्यानेही ऐकले नाहीत, बिचारा वाट बघत गेला.

“दोन वर्षं तुम्ही याच्या नावाने घसे बसवलेत, विसरलात का रे? नापास म्हणे. माझी अक्कल गहाण पडली होती. अकॉर्डियन काढ.”

“जेनी, गुडघा नवा आहे तुझा.”

“नवाच आहे. वापरून बघते.”

माझा विचार होता, की सगळे माझ्याकडे बघतील आणि पोरगा मागच्या मागे सटकेल. तर हा शहाणा उठून हात पुढे करतो. “आजीने शिकवलंय, बाईमाणसाला एकटं नाचू द्यायचं नाही.”

“खाली बस, गाढवा,” मी कुजबुजले. पण अकॉर्डियन सुरू झाला होता.

पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यावर वळताना त्याचा डावा पाय कचरला. डोळ्यांना दिसण्याआधी मला ते त्याच्या हातातून कळलं. फेहीने स्टूल आमच्याकडे फिरवलं.

मग मी लंगडले. अशी लंगडले, की पाहणाऱ्याने पोट धरावं. हाय हाय करत त्याच्या डाव्या खांद्याला लोंबकळले. तो जरा अडखळला की मी दुप्पट अडखळायचे.

“जेनी, पोराला पाडशील,” कोणीतरी ओरडलं. फेही तर हसून हसून डोळे पुसत होता. तिसऱ्या फेरीच्या शेवटी कोण कोणाला सावरतंय हे आमचं आम्हालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी फेही रेडिओवर म्हणाला, “मेबेरीची काळजी सोडा. परवा त्याने एकशे ऐंशी पौंडांच्या आजीबाईला उचलून नाचवलं.” एकशे बहात्तर. पण यावेळी मी वाद घातला नाही.

क्लिनिकमधल्या बाईने माझा सुजलेला गुडघा बघून मला यथेच्छ फैलावर घेतलं. महिन्याभराची मेहनत पाण्यात गेली म्हणाली. ती गेल्यावर क्विंसी शेजारच्या बाकावरून म्हणाला, “कोंबडीच्या तंगड्या?”

“टीव्हीवर तशाच दिसत होत्या.”

तो हसला. मग हसू ओसरलं. “जुलैपर्यंत होईल का, मिस जेनी? आता खोटं सांगू नका. एकदा सांगून झालंय.”

त्या कोपऱ्यावरचा त्याचा पाय माझ्या हाताला अजून आठवत होता. “मला माहीत नाही,” मी म्हटलं. हेही मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. “बोलत बसू नकोस. वाकव. मी मोजते.”

तो वाकवू लागला. दहापर्यंत नीट गेला, अकराला ओठ चावले, आणि बारा झाल्यावर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “पंधरा.”

“बारा,” मी म्हटलं, आणि त्याला परत बारावर आणलं.