तोफखान्यासाठी काढलेलं चित्र

माझे बाबा एक्क्याण्णव वर्षांचे आहेत आणि अजूनही नाकावर माशी बसू देत नाहीत. लढाईवरून परतले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग शाळेत चित्रकला शिकवली, आणि साठी उलटल्यावर अचानक मोठे चित्रकार झाले. डोंगर, नद्या, शेतं, झाडं. आजवर एकाही चित्रात घर नाही. जाणकार त्यावर पानंच्या पानं लिहितात. आई म्हणायची, "यांच्या चित्रात राहायला गेलं तर झाडावर बिऱ्हाड थाटावं लागेल." आम्ही खो खो हसायचो. बाबा तेवढे गप्प बसायचे आणि मला त्यांचा रागच यायचा. माणसाने घरच्यांशी तरी चार शब्द बोलावेत की नाही?

गेल्या महिन्यात संग्रहालयाच्या बाई घरी आल्या. बाबांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि बाईंना लष्कराच्या जुन्या दफ्तरात घबाड सापडलं होतं. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. बाबांच्या सहीचं पेन्सिलीचं चित्र होतं. उतार, पूल, तीन झाडं, एक घर, आणि प्रत्येकावर बारीक आकडे.

"तुमचं पहिलं चित्र! अगदी दाराशी लावणार आहोत. एक रेघ जास्तीची नाही हो!"

बाबांचा चेहरा उतरला. "ते लावू नका," म्हणाले.

बाईंना तो विनय वाटला. मी मात्र त्या गेल्यावर तोंड सोडलं. लोक आपणहून कौतुक करतात तर त्यात कसला खोडा घालायचा! बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "चित्राला काच बसवायच्या आधी मला एकदा ते बघायला ने," एवढंच म्हणाले.

नेलं. चित्रांच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात भुसा आणि सरस यांचा वास भरला होता. चित्र टेबलावर उघडंच होतं. कारागीर काच कापायला आतल्या खोलीत गेला, तशी बाबांनी आपली चाकाची खुर्ची टेबलाला भिडवली.

"टेकडीवर पालथं पडून समोरचं काढायचं, हे माझं काम," ते म्हणाले. "तोफा मागे, खालच्या अंगाला. त्यांना समोरचं काही दिसायचं नाही. त्यांना दिसायचा माझा कागद, आणि त्यावरचे अंतरांचे आकडे. नेम धरायला खूण म्हणून उपयोगी नाही ती वस्तू काढायची नाही, असा नियम होता. साहेब म्हणाले, त्या घरात शत्रूचे सैनिक दडलेत."

"मग?"

"अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होते. मी काढले नाहीत. साहेबांनी पाठ थोपटली, नेमकं काढलंस म्हणाले. वीस मिनिटांत ते घर नव्हतं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "बाबा, तुम्ही बावीस वर्षांचे होतात. हुकूम होता. आईला सांगितलं होतंत?"

"तिला? ती माझ्या चित्रांना हसायची ना, तेच बरं होतं."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. हात इतका थरथरत होता की टोक कागदावर ठरेना. शेवटी त्यांनी पेन्सिल माझ्या हातात कोंबली.

"मला नाही हो येत काढता! आणि हा सरकारी कागद आहे. बाई मला फाडून खातील."

"येईल तसं काढ. घराच्या कोपऱ्यापासून पहिल्या झाडापर्यंत दोरी."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी दोरी काढली. ते डोळे मिटून सांगत गेले. चादर. बाईचे दोन झगे. मग झबली.

"किती?"

"चार. लहान काढ. अजून लहान."

माझं रडू आवरेना. दोरीवर जागा उरली होती, म्हणून मी आपल्या मनानेच एक सदरा काढायला घेतला. त्यांनी डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं. एवढा जोर त्यांच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सदरा नव्हता," ते म्हणाले. "पुरुषाचा एकही कपडा नव्हता. ते मला तेव्हाच दिसलं होतं."