नुसतं बघितल्याचे पैसे

लातूरला औसा रोडवर शरणप्पांचं तेलाचं केंद्र होतं. पांढऱ्या कोडावरचं तेल. त्यांच्या वडलांचा करडईचा घाणा होता. शरणप्पांनी त्याच तेलात चार पाले उकळले, बाटलीवर स्वतःचा भस्म लावलेला फोटो छापला आणि धंद्याची जातच बदलून टाकली. समोर पेशंटला बसायला बाकडी, आत तपासणीची खोली आणि जिन्याखाली काचेची एक केबिन. केबिनमध्ये विशाखा बसायची. लोक मोबाइलवर रील बघत असताना मधेच तेलाची जी जाहिरात यायची, ती तिची करणी. जाहिरात कुणाला दाखवायची आणि तिचे पैसे कोणत्या भावानं मोजायचे, हेही तीच ठरवायची. शरणप्पांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण विशाखा हुशार आहे एवढं कळत होतं, आणि ते चारचौघांत तसं म्हणायचे. विशाखाला ते फार आवडायचं.

उज्वला तिथं पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतर. मुदखेडची, सटवाजी शेतकऱ्याची पोरगी. तिथल्याच एका खासगी शाळेत पहिलीला शिकवायची. डाव्या डोळ्याखाली आणि ओठाच्या कोपऱ्याला तिला पांढरे डाग होते, बारावीपासूनचे. तिनं ते कधी झाकले नव्हते. नांदेडच्या शिवमचं स्थळ आलं तेव्हाही ती ओढणी मागं टाकूनच समोर बसली होती. पोराच्या घरच्यांनी डाग बघितले, विचारायचं ते विचारलं आणि हो म्हणाले. लग्न वैशाखात धरलं होतं. तेलाचं उज्वलाच्या स्वतःच्याच मनात आलं. हळदीच्या आधी थोडे फिके झाले तर बरं, एवढंच.

तपासणी झाल्यावर विशाखानं तिला केबिनमध्ये बोलावून चहा दिला.

"तुझा चेहरा लई बोलका हाय," विशाखा म्हणाली. "आम्हाला जाहिरातीसाठी एक फोटो देशील का? लग्नापर्यंतचं तेल आमच्याकडून."

उज्वलानं कप खाली ठेवला. "न्हाई ताई. गावात कशाला तमाशा?"

"गावात कोण दाखवतंय? ऐक तर. जाहिरातीचे दोन भाव असतात. एक नुसतं दिसण्याचा. माणसानं बघितलं न बघितलं, मोबाइलवर आली की पैसे लागले. दुसरा दाबण्याचा. कुणी बोट लावून उघडली तरच पैसे. आपण दाबण्याच्या भावानं चालतो. मग जो उघडणारच न्हाई त्याला ती दाखवून कुणाचा फायदा? ज्याला कोड हाय, जो रात्रंदिवस इलाज शोधतोय, त्यालाच ती जाते."

"आन् मुदखेडात?"

"मुदखेडात कुणाला असलं तर त्याला दिसंल. ज्याला स्वतःला हाय, तो तुला हसणार हाय का?"

उज्वलाला ते पटलं. आपल्यासारखीच कुणीतरी पोरगी कुठंतरी हा चेहरा बघेल आणि तिला धीर येईल, असंही तिला वाटलं. तिनं फोटो दिला. हसून दिला. ती एसटीत बसायच्या आत विशाखानं त्या फोटोतले डाग कॉम्प्युटरवर पुसून दुसरा फोटो तयार केला. डावीकडं डागवाली उज्वला, उजवीकडं बिनडागाची. खाली अक्षरं टाकली: 'तीन महिन्यांत फरक बघा.' उज्वलाच्या पिशवीतल्या बाटलीचं बूचसुद्धा अजून उघडलं नव्हतं.

जाहिरात चालली, आणि भलतीच चालली. ज्यांना कोड नव्हतं तेही उघडायला लागले. त्या चेहऱ्यावर नजर अडकायची. अर्धा डाग आणि मोकळं हसू. माणूस थांबायचा, दाबायचा, बघायचा आणि काही न घेता पुढं जायचा. दाबण्याचं बिल फुगलं. शरणप्पा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, हे काय चाललंय? दाबणारे ढीगभर, आन् बाटल्या हायत तितक्याच."

"अप्पा, आता भाव बदलायचा," विशाखा म्हणाली. तिनं हे आधीच ठरवून ठेवलं होतं आणि त्यांनी विचारायचीच ती वाट बघत होती. "चेहरा कसा असेल त्यावर भाव ठरतो. कुणी ढुंकून बघत न्हाई अशी जाहिरात असली की दाबण्याचा भाव घ्यायचा, फुकटात दिसत राहते. पण असा चेहरा हाती लागला की दिसण्याचा घ्यायचा. हजार येळा दिसायचे पैसे ठरलेले. मग त्यातल्या कितीबी जणांनी दाबू द्या, वर छदाम लागत न्हाई."

शरणप्पा खूश झाले. "मग कर की. थांबलीस कशाला?"

"मग ती सगळ्यांनाच दिसंल. गावभर."

"कोण?"

"ती मुदखेडची. मी तिला म्हणले होते—"

"फोटो तिनंच दिला ना? आपण काय चोरला का?" शरणप्पा म्हणाले आणि आत गेले.

विशाखानं भाव बदलला. जिल्हे निवडले: लातूर सगळा, नांदेड सगळा. एखादा तालुका वगळायची सोय तिथंच, त्याच पानावर होती. तिनं मुदखेड शोधलं, त्याच्यावर खूण केली. खूण करताच किती लोकांना दिसणार तो आकडा थोडा खाली आला. महिनाअखेरीला तिला तो आकडा अप्पांपुढं ठेवायचा होता. तिनं खूण काढून टाकली.

मुदखेडात पहिल्यांदा कळलं ते शाळेत. परिपाठ संपला तसा एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या पप्पाच्या मोबाइलात येता!" वर्ग हसला. उज्वलाही हसली. संध्याकाळी तिच्या भावानं, भागवतनं, आपला मोबाइल तिच्या हातात दिला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. जाहिरातीखाली लोकांनी लिहिलं होतं. 'अर्धी गोरी, अर्धी सावळी, दोघींचा हुंडा एकीत.' 'ही तर आमच्या पोराची बाई, हिच्या हातची वही घ्यायची का?' 'उजवीकडची द्या, डावीकडची ठेवा.' उज्वलानं सगळं खालपर्यंत वाचलं. मग खाली स्वतःच्या नावानं लिहिलं, 'हा माझा फोटो आहे. कृपया काढा.' थोड्या वेळानं त्यावर हसणारे चेहरे यायला लागले.

आठवडा नाही गेला, तर शिवमची आई आणि मामा आले. चहा घेतला नाही. उज्वलाची आई, सिंधु, हात जोडून म्हणाली, "बाई, तुम्हाला तर माहीत होतं. आम्ही काहीच लपवलं नव्हतं."

"आम्हाला माहीत होतं हो," शिवमची आई म्हणाली. "पण लोकांना माहीत नव्हतं. आता गल्लीतलं पोरगंबी मोबाइल घेऊन दारात येतंय, ही तुमची सून का म्हणून. आम्ही कुणाकुणाला तोंड द्यावं?"

शिवमनं फोन उचलला नाही. नंतर त्यानं निरोप पाठवला: 'तू मला विचारायला पाहिजे होतं.'

उज्वलानं विशाखाला फोन केला. रडली नाही, विनवणी केली. "ताई, तुम्ही म्हणला होता फक्त कोडवाल्यांना दिसंल म्हणून."

"अगं, कॉम्प्युटरचं काम हाय, कधी कधी जाते इकडं तिकडं. काढते मी. येळ लागतो थोडा," विशाखा म्हणाली, आणि फोन ठेवून महिन्याचा तक्ता करायला बसली.

जाहिरात काही निघाली नाही. तेव्हा भागवतनं बहिणीला विचारलं, "ही जाहिरात चालते कशी? पैसे कोण भरतंय?" उज्वलानं विशाखानं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं: जो दाबतो, त्याचे पैसे मालकाला पडतात. भागवतचे डोळे चमकले. तो रेल्वे स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. पोरं त्याच्याकडं कायम बसलेली. त्यानं सगळ्यांना कामाला लावलं. दाबा. घरच्यांना सांगा, पाहुण्यांना सांगा, दाबा. तेलवाल्याचं दिवाळं काढू. आठ दिवस मुदखेड दाबत होतं. ज्यांनी जाहिरात बघितली नव्हती त्यांनीही भागवतच्या शब्दाखातर ती शोधून उघडली.

मग त्यानं विशाखाला फोन लावला. "जाहिरात काढताव का न्हाई? आमची पोरं रातंदिस दाबायलेत. बरबाद करून टाकू तुमच्या अप्पाला!"

विशाखासमोर तक्ता उघडाच होता. उघडणारे वाढले, तशी लोकांना आवडलेली जाहिरात म्हणून ती आणखी पुढं ढकलली जात होती, आणि हजार वेळा दिसण्याचा भाव उलट उतरला होता. तेवढ्याच पैशात आता परभणी आणि हिंगोलीही बसत होती. एका वाक्यात तिला हे सांगता आलं असतं.

"दाबा की," ती म्हणाली. "तुम्हाला कोण अडवतंय?"

शेवटी उज्वला आणि भागवत लातूरला आले. केंद्रात त्या दिवशी पेशंट पुष्कळ होते. त्या जाहिरातीचाच जोर. भागवत केबिनच्या काचेवर हात आपटायला लागला तसे शरणप्पा बाहेर आले.

"ओ पाव्हणं, काच महाग हाय."

"तुमचं तर दिवाळं निघालं असंल आता," भागवत म्हणाला. "सगळं गाव दाबायलंय."

शरणप्पांनी विशाखाकडं बघितलं. विशाखानं मान खाली घातली. शरणप्पा हसायला लागले, अगदी पोटातून. "अरे येड्या! आम्ही बघितल्याचे पैसे भरतो, दाबल्याचे न्हाई. तुम्ही दाबून दाबून बहिणीला हिंगोलीपतूर नेलंव. तुमच्यासारखी माणसं मला पगारावर ठेवली तरी मिळायची न्हाईत!"

भागवतचा हात काचेवरून खाली आला. उज्वला विशाखाकडं बघत होती. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

विशाखानं समोरचा तक्ता बंद केला.

उज्वला वळली आणि बाकड्यावरच्या लोकांसमोर जाऊन उभी राहिली. तिला त्यांनी ओळखलंच होतं. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. तिनं ओढणी मागं टाकली. "जाहिरातीतली मीच," ती म्हणाली. "तेल रोज लावलं. बघा माझं तोंड. कुठं गेलेत डाग? ते फोटोत पुसलेत. फुकट पैसे घालू नका."

निलंग्याकडची कोंडाबाई नावाची एक बाई आपल्या पोरीचा हात धरून पहिल्याच बाकड्यावर बसली होती. तिनं उज्वलाच्या तोंडाकडं बघितलं, मग घाबरून शरणप्पांकडं.

शरणप्पांनी आवाज चढवला नाही. उलट आवाजात माया आली. "माय, मी तुला काय सांगितलं होतं? दही खायाचं न्हाई. आंबट खायाचं न्हाई. पाळलंस का? महादेवाच्या लिंगावर हात ठेवून सांग."

उज्वला गडबडली. "दही... घरी असतं. पण त्यानं काय—"

"झालं!" शरणप्पा लोकांकडं वळले. "आता तुम्हीच सांगा. औषधानं करावं तरी काय?"

बाकड्यांवरून सुस्कारे निघाले. लोकांना हायसं वाटलं. एक म्हातारा म्हणाला, "आजकालच्या पोरींना जिभेला लगाम नकोच." कोंडाबाईनं आपल्या पोरीला जवळ ओढलं आणि रागानं उज्वलाला म्हणाली, "पथ्य पाळायचं न्हाई, आन् वरून देवमाणसाला नाव ठेवायचं? आम्ही किती लांबून आलोत. आमचं तरी नीट होऊ दे की!" तिची पोरगी मात्र उज्वलाकडंच बघत होती. तिच्याही हनुवटीवर डाग होता.

भागवतनं बहिणीला दंडाला धरून बाहेर आणलं.

एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. नांदेड मागं पडलं. मग म्हणाला, "मला कळलं असतं तर मी—"

"तू एकट्यानं किती येळा दाबलंस?" उज्वलानं विचारलं.

त्यानं खिशातला मोबाइल काढून बंद केला.

उन्हाळ्यात ती जाहिरात आपोआप बंद झाली. तक्रारीमुळं नव्हे, लोकांच्या नजरेला तो चेहरा शिळा झाला, असं विशाखानं अप्पांना सांगितलं. त्या जागी कोंडाबाईच्या पोरीचा फोटो आला. विशाखाला काचेच्या केबिनऐवजी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. शाळेनं उज्वलाला कामावरून काढलं नाही. पालकांची कुरकूर नको म्हणून तिला पहिलीच्या वर्गातून उचलून ऑफिसात बसवलं. तिथून तिला आपल्या वर्गाचे पाढे ऐकू यायचे.

लातूरला काय झालं ते भागवतनं घरी सगळं सांगितलं होतं. विशाखाचं, हसण्याचं, पथ्याचं. सटवाजी ऐकून शेतात निघून गेले. सिंधुनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग लेकीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रागावू नको. पण एकदा पथ्य पाळून लावून बघू का? म्हशीचं काय, सगळं दूध डेअरीला घालू."

उज्वलानं आईकडं बघितलं. सिंधु विरजणाचं भांडं घेऊन मोरीकडं निघाली होती.